पाच हजार तीनमधून

मोठ्या संख्यांची वजाबाकी मुलांना शिकवण्यात अडचण एकच: घरातल्या प्रत्येकाला ती येत असते. भागाकाराकडे कुणी फिरकत नाही. वजाबाकी म्हटली की मात्र आजोबा चष्मा पुसायला घेतात आणि आजी गॅस बारीक करून बाहेर येते.

आमच्या चौथीतल्या कन्येला गणित आलं होतं, ५००३ वजा २७६८. मधली दोन शून्यं रचणाऱ्याने मुद्दामच पेरलेली असणार. तिनातून आठ जात नाहीत म्हणून दशकाच्या दारी जावं, तर तिथे शून्य. शतकाकडे जावं, तर तिथेही खडखडाट. मी पुस्तकातल्या रीतीने पाचाचे चार केले, दोन्ही शून्यांवर नऊ लिहिले आणि तिनाचे तेरा केले.

"मागितलं हजाराकडे, मग मधल्या दोघांना नऊ-नऊ कुणी दिले?" कन्येने विचारलं.

प्रश्न रास्त होता. नोटा मोडून दाखवाव्यात, तर हजाराची नोट सरकारने २०१६ मध्येच बंद केलेली. शेवटी पाठकोरे कागद कापून घरच्या घरी चलन छापलं. एका हजाराचे दहा शंभर केले. त्यातला एक शंभर मोडून दहा दहाच्या नोटा, त्यातलीही एक मोडून दहा सुटे रुपये. उरले चार हजार, नऊ शंभर, नऊ दहा आणि तेरा सुटे. नऊचा छडा लागला. कन्येचा चेहरा उजळला आणि तेवढ्यात आजोबा आले.

"एवढी मोडतोड कशाला? वरच्याला दहा द्यायचे, खालच्याला हातचा एक!" तेरातून आठ गेले पाच, सहाचे सात करून दहातून वजा, असं करत त्यांनी चुटकीसरशी २२३५ काढले. दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली की फरक बदलत नाही, हे त्यामागचं इंगित. पण आजोबांच्या शाळेत कारण विचारायची पद्धत नव्हती, छडीची होती.

आजीने तर वजाबाकी केलीच नाही. भाजीवाल्याकडून सुटे परत घ्यावेत तशी ती मोजत वर गेली. "दोन घातले की सत्तर, तीस घातले की अठ्ठावीसशे, दोनशे घातले की तीन हजार, वर दोन हजार तीन. झाले बावीसशे पस्तीस. आता जेवायला चला."

मग व्हिडिओ कॉलवर आत्या. "दोन्हींतून चार-चार काढून टाक गं! ४९९९ वजा २७६४. कुणाच्या दारात जायलाच नको." उत्तर अर्थातच २२३५.

चार रीती, उत्तर एक. घराला गणिताचा वारसा असल्याची खात्री पटून आम्ही जेवायला बसलो.

वही शाळेतून आली तेव्हा त्याच गणितावर लाल फुली होती आणि उत्तर होतं ११२५. कन्येने कुणालाच दुखावलं नव्हतं. माझ्यासारखे वर चार, नऊ, नऊ, तेरा केले होते आणि आजोबांसारखे खालच्या आकड्यांना हातचेही दिले होते. दोन्ही रीती आपापल्या जागी चोख. पण एकत्र आल्या आणि एक हजार एकशे दहाची खोट बसली.

"बाईंनी विचारलं, घरी कोण शिकवतं," कन्या म्हणाली. "मी सांगितलं, सगळे."

तेव्हा पालकहो, मुलाला पुस्तकातली एकच रीत शिकवा, नोटा मोडून तिचं कारण दाखवा आणि आलेलं उत्तर खालच्या संख्येत मिळवून पडताळायला लावा. २७६८ आणि २२३५ मिळून ५००३ झाले, की विषय संपला. दुसरी रीत पहिली हाताशी बसल्यावर. आणि तोवर घरातल्या बाकीच्या जाणकारांना मेथी निवडायला बसवा.