शून्य केबीची निश्चिंती

१९५३च्या नागपूर करारात ठरलं, की सरकारनं वर्षातला काही काळ नागपूरला मुक्काम हलवायचा आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं भरवायचं. म्हणून हिवाळ्यात मुंबईहून फायलींचे गठ्ठे सिव्हिल लाइन्समध्ये उतरतात. राजधानीचीही जादा प्रत बाळगणाऱ्या गावाला बॅकअपचं महत्त्व काय सांगायचं?

त्यातही लक्ष्मीनगरातले एक निवृत्त बँक अधिकारी अव्वल. विजेच्या बिलाची झेरॉक्स, आणि असू द्यावी म्हणून त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स. जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो हे कळलं, तेव्हा काकांना भरूनच आलं. उभी हयात त्या रात्री ते क्लोजिंगला बसले होते.

विंडोजवर त्यांचा विश्वास जुना. कुठला प्रोग्राम कुठे बसवलाय, प्रिंटर कोणता, कोणाला काय परवानगी, या सगळ्याची नोंद रजिस्ट्रीत असते. विंडोज ९८ रोज सुरू होताना तिची प्रत काढी आणि शेवटच्या पाच प्रती सांभाळून ठेवी. नंतरच्या काळातल्या विंडोजमध्ये हे काम ‘रेगआयडलबॅकअप’ नावाच्या टास्ककडे गेलं. संगणक रिकामा बसला, की हा टास्क गुपचूप प्रत काढून ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये ठेवायचा. काका निर्धास्त होते.

मग मे उजाडला. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरचं बटण दाबलं आणि लाइट गेली. परत आली तेव्हा संगणक रुसलेला. बऱ्याच मिनतवारीनं तो चालू झाला आणि काकांनी हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला.

“मामा, आधी रेगबॅक उघडून बघा.”

काकांनी चष्मा सारखा केला. डीफॉल्ट, सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, सिस्टम. पाचही फायली हजर. शेजारी आकार: ० केबी. पाचही ओळींत तेच. टास्क शेड्यूलर मात्र छातीठोक सांगत होता, काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं.

“अरे, व्हाउचर आहे, सही आहे, रक्कम निरंक! आमच्या वेळी याला सस्पेंड केलं असतं.”

हा बिघाड नव्हताच. विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८च्या एप्रिलपासून, मायक्रोसॉफ्टनं ही प्रत काढणं मुद्दाम थांबवलं. डिस्कवर जागा वाचावी म्हणून. टास्क राहिला, फोल्डर राहिला, फायलींची नावंही राहिली. वर सल्ला असा, की सिस्टम रिस्टोअर वापरा. काकांच्या संगणकावर ते बंद होतं.

भाच्यानं उपाय सांगितला. रेगएडिट उघडायचं, आधी आहे त्या रजिस्ट्रीची एक्स्पोर्ट फाइल काढायची (बॅकअप दुरुस्त करण्याआधी बॅकअप! काका खूश), मग सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर आणि कॉन्फिगरेशन मॅनेजर अशा पायऱ्या उतरायच्या. तिथं नवी डीवर्ड नोंद: ‘एनेबलपिरिऑडिकबॅकअप’.

“सगळं जोडून लिहा मामा, मध्ये जागा नको.”

“श्वास घ्यायलाही नको का?”

किंमत १ घालून रीस्टार्ट केलं. रेगबॅक उघडला, तर शून्यांच्या जागी केबींचे लांबलचक आकडे! काका ते वरपासून खालपर्यंत वाचत बसले, जणू थकलेली कर्जं व्याजासकट वसूल झाली होती. लगे हाथ सिस्टम रिस्टोअरही चालू केलं.

“पण मामा, रेगबॅकमध्ये जुन्या प्रतीवरच नवी प्रत बसते. आणि ती प्रत, रिस्टोअर पॉइंट, दोन्ही त्याच डिस्कवर. डिस्क गेली की सगळंच गेलं.”

चहा घेऊन आलेल्या काकूंनी विचारलं, “म्हणजे नातवाच्या बारशाचे फोटो आता सुरक्षित ना?”

फोनवर शांतता. रजिस्ट्रीत फोटो नसतात आणि रिस्टोअर पॉइंटही फोटोंना हात लावत नाही. संगणकाला प्रिंटर आठवला असता, नातू नाही.

“एवढ्या वेळात तुम्ही वाचवलं तरी काय?” काकूंनी कप टेबलावर जरा जोरातच ठेवला.

ऊन कलताच काका सीताबर्डीच्या दुकानात हजर. बाहेरची हार्ड डिस्क हवी, तीही दोन.

“दोन कायले जी, काका?” दुकानदार म्हणाला. “एकीतच लय जागा हाये.”

“दुसरी पहिलीची झेरॉक्स,” काका म्हणाले, “आणि बिलाच्या दोन प्रती दे.”