लॅपटॉप स्टँड : उपयोग आणि मर्यादा

लॅपटॉप स्टँड म्हणजे लॅपटॉप टेबलापासून उंच आणि थोडा तिरका धरून ठेवणारी चौकट. ती ॲल्युमिनियमची, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असते. काही घडीच्या असतात, आणि त्या पुन्हा उघडताना घडी कशी घातली होती ते आठवत नाही. तिच्याकडून दोन अपेक्षा असतात : यंत्राचे डोके थंड राहावे आणि माणसाची मान ताठ राहावी.

विकतचा स्टँड येण्यापूर्वी मराठी घरात त्याची जागा इतर वस्तू चालवतात. पहिला मान दिवाळी अंकांचा. चार-पाच जाड अंकांनी उंची पुरेशी मिळते. पण खाली कागदाचा ठोकळा आल्याने हवेला वाट राहत नाही, शिवाय नेमका तळातला अंक कोणाला तरी वाचायला हवा असतो. तांत्रिकदृष्ट्या पोळपाट बरा : त्याला पाय असतात आणि तो भार सोसतो. मात्र संध्याकाळी सातच्या सुमारास तो परत मागितला जातो आणि मीटिंग कितीही महत्त्वाची असली तरी निकाल पोळ्यांच्या बाजूने लागतो.

थंडाव्याचा विचार करताना उष्णता येते कुठून ते आधी पाहावे लागते. प्रोसेसरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण 15 वॉटच्या हिशेबाने बनवलेला असतो, गेमिंगच्या लॅपटॉपमधला 45 वॉट किंवा त्याहून जास्त. ही उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक पात्यांपर्यंत जाते आणि पंखा तिला बाहेर ढकलतो. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा आत घेतात आणि बिजागरीजवळून किंवा बाजूने सोडतात. तळाला रबराचे बुटके पाय असतात. जाळी आणि टेबल यांच्यातली काही मिलिमीटरची ती फट म्हणजे यंत्राचे नाक. टेबलावर तेवढ्यावर भागते. पलंगावर मात्र पाय गादीत रुततात, गोधडी जाळीला बिलगते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. प्रोसेसर 100 अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की स्वतःहून वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. माणसांच्या बाबतीत याला मे महिना म्हणतात.

स्टँड ही फट मोठी करतो, एवढेच त्याचे थंडाव्याचे काम. गादीवरून स्टँडवर आलेल्या लॅपटॉपला फरक लगेच जाणवतो; सपाट टेबलावरून आलेल्याला थोडाच. पंखा नसलेल्या लॅपटॉपला, उदाहरणार्थ 2020 च्या एम1 मॅकबुक एअरला, तळाची जाळीच नसते, त्यामुळे त्याला स्टँडचे फारसे कौतुक नसते. ॲल्युमिनियमचा स्टँड उष्णता शोषून घेतो, असे दुकानदार सांगतो. ॲल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक आहे, यात वाद नाही. पण लॅपटॉप घसरू नये म्हणून त्याच स्टँडवर रबराच्या गाद्या चिकटवलेल्या असतात, आणि रबर उष्णता वाहून नेण्यात आळशी असते. दोन धातूंची गाठ पडू न देण्याची व्यवस्था अशी कारखान्यातूनच होऊन येते.

काही स्टँडना स्वतःचे पंखे असतात. यूएसबी 2.0 च्या खाचेतून 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर, म्हणजे फार तर 2.5 वॉट मिळतात, आणि ते लॅपटॉपकडूनच घेतले जातात. ज्याला वारा घालायचा त्याच्याच खिशातून वारा घालणाऱ्याचा पगार निघतो. पंखा तळाच्या जाळीखाली नेमका आला तर उपयोग होतो, नाही तर तो टेबलाला गार करतो. शिवाय कोणताही पंखा खोलीतल्या हवेपेक्षा जास्त थंडावा देऊ शकत नाही. बऱ्याच उत्पादकांनी वापरासाठी 35 अंशांपर्यंतचे हवामान सुचवलेले असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तिथे कूलरच्या खोलीत लॅपटॉपला बसायला जागा देणे हाच खरा उपाय. आणि पात्यांत धुळीचा नमदा बसला असेल तर स्टँड कितीही उंच घेतला तरी व्यर्थ. साफसफाईला स्टँड हा पर्याय नाही.

लॅपटॉप मांडीवर ठेवणे नावाला धरून असले तरी प्रकृतीला धरून नाही. रोज तासन्‌तास शेक बसून मांडीवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग उठल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. या विकाराला एरिथेमा ॲब इग्ने म्हणतात. चुलीजवळ बसणाऱ्यांना आणि काश्मीरमध्ये कांगडी जवळ बाळगणाऱ्यांना तो पूर्वीपासून ठाऊक होता. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या एका अभ्यासात 29 तरुण पुरुषांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवले, तेव्हा वृषणकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. स्टँडची जाहिरात करणाऱ्यांनी या आकड्याचा पुरेसा लाभ उठवलेला नाही.

आता मान. पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने जोडण्याची रीत 1982 च्या ग्रिड कंपास या संगणकाने रूढ केली. त्याचे रेखाटन बिल मॉग्रिज यांचे. तेव्हापासून डोळे आणि हात यांचे भांडण मिटलेले नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. हात कोपरात साधारण काटकोनात हवेत. एकाच यंत्रावर दोन्ही जमत नाही. डोके सुमारे 5 किलोचे असते. केनेथ हन्सराज या शल्यचिकित्सकांनी 2014 मध्ये मांडलेल्या गणितानुसार मान 60 अंश झुकली की कण्यावरचा भार सुमारे 27 किलोंवर जातो. म्हणजे गव्हाचे पोते मानेवर घेऊन माणूस ईमेल वाचत असतो.

स्टँडने पडदा वर येतो आणि मान सुटते. पण कीबोर्डही वर येतो आणि खांदे अडकतात. टाइप करताना हात पेटी वाजवणाऱ्याऐवजी खिडकी पुसणाऱ्यासारखे होतात. स्वस्त स्टँड असेल तर प्रत्येक अक्षरागणिक पडदा मान डोलावतो, आणि लिहिणाऱ्याला आपले लेखन फार पटते आहे असे वाटू लागते. म्हणून स्टँडबरोबर वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो. तिन्हींची बेरीज झाल्यावर घरातून येणारा प्रश्न ठरलेला असतो : मग साधा संगणकच का नाही घेतला? याला समाधानकारक उत्तर अद्याप सापडलेले नाही.

व्हिडिओ कॉलपुरता फायदा निर्विवाद आहे. लॅपटॉप खाली असला की कॅमेरा हनुवटीखालून पाहतो. समोरच्यांना नाकपुड्या, छताचा पंखा आणि माळ्यावरच्या पेट्या दिसतात. स्टँडने चेहरा दिसतो. तो फायदा कोणाचा, हे चेहऱ्यावर अवलंबून.

सारांश असा. गादीवर किंवा मांडीवर काम करणाऱ्याने स्टँड घ्यावा. टेबलावर थोडा वेळ बसणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. दिवसभर टाइप करणाऱ्याने कीबोर्डसकट घ्यावा किंवा घेऊच नये. आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालण्याचे काम कोणताही स्टँड करून देत नाही. चहा जागेवर आणून देणारे घर या बाबतीत प्रकृतीला घातक समजावे.