दर खिळ्यामागे 500

पुण्यातल्या एका कंपनीनं खिळ्याचा भाव जाहीर केलाय. इमारती तिच्या, देखभाल तिची, भाडेकरू तेवढे आपण. भिंतीत एक खिळा ठोकला की डिपॉझिटमधून 500 रुपये वजा. खिळा तुमचा, भोक कंपनीचं.

घर सोडायच्या दिवशी सुपरवायझर टॉर्च घेऊन येतो. टूथपेस्टनं बुजवलेलं भोक नखानं खरवडून काढतो. ‘‘ताई, इथं पेस्ट भरलीय.’’ मग फोटो, फोटोवर लाल गोल. त्याच भिंतीवर पावसाळ्यापासून ओल उतरलीय, पोपडे सुटलेत. त्यांचा फोटो निघत नाही. ओल म्हणजे नैसर्गिक झीज!

आता आजोबांचा फोटो सोफ्यावर बसवा. घड्याळ आळीपाळीनं हातात धरा. कालनिर्णय तर आणूच नका. त्यात महिने बारा, करारात अकरा. दारावरच्या पाटीला दोन खिळे, म्हणजे स्वतःचं नाव हजाराला पडलं. जोशी, काळे सुटले. धर्माधिकाऱ्यांची पाटी लांब, तिला चार लागतात.

बरं, कायद्याकडे जावं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 55. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 5000! म्हणजे दहा खिळे. अख्खा करार बुडवणारा मालक आणि भिंतीवर दहा फोटो लावणारी आजी, दोघांचा गुन्हा एकाच मापाचा. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलंय, पण राज्यानं स्वीकारला तरच तो लागू. शिवाय नावातच आदर्श. आदर्श दिसला की आपण हार घालून भिंतीवर टांगतो. त्यालाही खिळा लागलाच असणार. तोवर लोकांचे लाखभर रुपये बिनव्याजी वापरायचे, परत मागितले की ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणायचं, फोन उचलायचा नाही, आणि शेवटी भोकं मोजत बसायचं. लाज कशी वाटत नाही हो?

आणि एवढे पैसे घेऊन भोक बुजवतात म्हणता? छे. वरून डिस्टेंपरचा एक हात मारतात. पुढचा भाडेकरू निघाला की तेच भोक, तोच फोटो, तोच लाल गोल. फ्लॅट मधे दोन-चार महिने रिकामा राहतो. भोकाचं भाडं मात्र चुकत नाही.