पाहुणे सामान बांधून निघाले

वहिनी, सुकटीवरून नजर काढू नका, मांजर वईत दबा धरून बसलंय. तिथूनच ऐका. काल झोप लागली का? मला कुठली लागतेय! भात कापल्यापासून त्या खाचरात दर शनिवारी मॅचा, आणि तो माइकवाला मध्यरात्रीपर्यंत कोकलतोय. एक चेंडू तर आमच्या कौलांवर!

सकाळी पोरं तोच शोधायला आली, तर ह्यांनी धरलंच त्यांना. "रणजीत एका डावात सगळ्यात जास्त रन कोणाचे?" एक म्हणाला रोहित, दुसरा म्हणाला पृथ्वी शॉ. दुसरा निदान जवळ तरी गेला, ३७९ आहेत त्याचे. पण पहिला नंबर आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचा. ४४३, तेही नाबाद! डिसेंबर १९४८, पुण्याला पूना क्लबच्या मैदानावर. चौकार ४९, आणि षटकार किती असतील, सांगा? एक! एकच हो. ह्या आपल्या खाचरात एवढे तर पहिल्या ओव्हरला जातात.

गंमत पुढेच आहे. समोर काठियावाडचा संघ, २३८ मध्ये गुंडाळलेला. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचे १९३० सालचे ४५२ तेव्हा प्रथम श्रेणीत जगात सगळ्यात जास्त, ते मोडायला भाऊसाहेबांना हव्यात दहा धावा. तेवढ्यात सुटी झाली. काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, अडून बसले: डाव सोडा, नाहीतर आम्ही चाललो. आणि चालले की खरंच! सामना सोडून, सामान बांधून. पंगतीत मटण यायच्या वेळेला पान उचलावं, तसं झालं बघा.

हे म्हणतात, त्यांचंही बघ जरा, आठ-आठ तास एकाच माणसाने मारलेले चेंडू आणायचे म्हणजे काय. असेल बाई. पण दहा धावा! भाकरी भाजून होईपर्यंतचं काम.

पुढे कसोटी? एकही मिळाली नाही त्यांना. २०१२ साली कोल्हापुरातच गेले, ९३वा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. तिथेही थोडक्यात हुकलं.

तरी त्यांचं कागदावर राहिलं, स्कोअर मांडणारा कोणीतरी बसला होता म्हणून. पुण्यात सहकारनगरला तर क्रिकेटचं संग्रहालयच आहे, मोठमोठ्यांच्या बॅटी काचेत ठेवल्यात. आपल्याकडे काय? तुमच्या सासऱ्यांनी, नानांनी, म्हणे कामणच्या पोरांचा चेंडू रुळांपलीकडे टाकला होता, दिव्याची गाडी जाईपर्यंत सगळे तोंडाकडे बघत उभे. आता कोणी म्हणतो साठ केले, कोणी म्हणतो नव्वद. स्कोअरच्या कागदात त्याच संध्याकाळी भजी बांधली असणार.

काय म्हणता? वही आहे? नानांच्या हातची? माळ्यावरच्या ट्रंकेत, आणि इतकी वर्षं बोलला नाहीत! थांबा, शिडी घेऊन आलेच मी. वाळवी लागली नसेल ना हो... अगं बाई, वहिनी, मागे बघा, सुकट! मांजर!