गॅरेजवाले नाना

निरगुडसरला नानांनी घराला लागून असलेल्या शेडच्या दारावर पिवळ्या ऑइलपेंटनं 'गॅरेज' असं लिहिलं आणि दुसऱ्याच सकाळी एकजण पंक्चर मोटारसायकल ढकलत दारात येऊन उभा राहिला. दुपारी ट्रॅक्टरवाला आला, त्याला नांगराचा फाळ वेल्डिंग करून हवा होता. आपल्याकडं गॅरेज म्हणजे कोपरापर्यंत काळा झालेला पोरगा, पोट उघडं टाकलेलं इंजिन आणि 'सांजच्याला या' हे उत्तर. धडधाकट मोटारीलाही घर लागतं, हे गावाला नवीनच होतं. तिसऱ्या दिवशी नानांनी खाली एक ओळ वाढवली: 'येथे गाडी दुरुस्त होत नाही.' ती वाचून पंक्चरवाला म्हणाला, "मंग हितं व्हतं तरी काय?"

काय होतं ते कळायला नाना कळायला हवेत. पुणे-नाशिक रस्त्यानं भोसरी-चाकणच्या कंपन्यांत तीस-तीस वर्षं काढून परत गावाला आलेली माणसं आंबेगाव-जुन्नरकडं वाडीवस्तीला भेटतात. त्यांच्यात जो मशीनवर होता तो गावात येऊन गप्प बसतो. युनियनमध्ये होता तो सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. पण जो स्टोअरला होता, त्याचं काही सांगता येत नाही. नाना स्टोअरला होते. आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्यामुळं बाहेरून हात पुढं करणारा प्रत्येक माणूस त्यांना संशयित वाटतो. चहा मागितला तरी "किती?" असं विचारतात.

आता जिथं गॅरेज आहे तिथं गोठा होता, आणि तो साध्या बैलांचा नव्हता. घाटात बारी मारणाऱ्या बैलांचा होता. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. दोन वर्षं वाट पाहून नानांच्या थोरल्या भावानं बैल विकले आणि दावण सुनी पडली. 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानंही ती कायम ठेवली, पण तोवर नाना निवृत्त होऊन आले होते आणि दावणीला चारचाकी बांधली गेली होती. पुतण्यानं पुन्हा खोंड आणायची गोष्ट काढली तेव्हा नाना म्हणाले, "आणा की. पार्किंग कुठं देताय?"

गव्हाण मात्र त्यांनी पाडली नाही. गाडीचं नाक गव्हाणीला टेकलं की गाडी पुरती आत आली, हा हिशोब. त्यामुळं गाडी रोज संध्याकाळी वैरणीला तोंड लावल्यासारखी उभी असते. नानी पोळ्याला तिच्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहतात, ते वेगळंच.

फरशीचं काम निघालं आणि नानांची खरी ओळख गवंड्याला झाली. कित्येक पावसाळे शेण-मूत जिरलेली जमीन फूटभर खणून काढली, दगडाचं सोलिंग केलं, वर मुरूम टाकून धुम्मसानं ठोकला. त्यावर काँक्रीट. उतार दाराकडं, शंभराला एक, म्हणजे आठ फुटांत साधारण इंचभर. तो नानांनी लेव्हलच्या नळीत पाणी भरून स्वतः मोजला. मग कडेनं मातीचे वरंबे घालून फरशीवर पाणी तुंबवून ठेवलं. गवंडी म्हणाला, "नाना, कोबा केलाय का भाताचं खाचर? आवण टाकू का?" नानांनी त्याला सिमेंटला सात दिवस पाणी आणि पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस, हे शास्त्र ऐकवलं. ते अठ्ठावीस दिवस गाडी अंगणात आणि नाना दारात खुर्ची टाकून. कोंबडी जरी फरशीकडं चालली तरी "ए, क्युरिंग चालूय!" अशी आरोळी यायची. एका कुत्र्यानं मात्र पहिल्याच रात्री, कोबा ओला असतानाच, येऊन चार पावलं उमटवली होती. ती अजून आहेत. नाना पाहुण्यांना ती बिबट्याची म्हणून दाखवतात, आणि उसाचा मुलूख असल्यामुळं पाहुणेही मान डोलावतात.

वरून इपॉक्सी करायचं होतं, कंपनीसारखं, आरशागत. त्याआधी नानांनी मल्चिंग पेपरचा चौकोन फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं डकवला. दुसऱ्या दिवशी उचलला तर खाली घाम. चहूबाजूला उसाला पाणी चालू, त्याची ओल खालून चढत होती. अशा फरशीवर इपॉक्सी केलं तर फोड येऊन सुटतं, आणि गरम टायर उरलंसुरलं उचलून नेतो. आरशाचा बेत रद्द झाला. त्याचं दुःख नानांनी दोन पिवळे पट्टे मारून भागवलं. एक पट्टा गाडीसाठी, दुसरा माणसांसाठी. माणसानं पट्ट्याच्या अलीकडं उभं राहून बोलायचं. ज्या गावानं विधानसभेला अध्यक्ष दिला, त्या गावाला सभागृहाची शिस्त कुणी शिकवायला नको, असं एकानं ऐकवलंही. पण पट्टा कुणी ओलांडला नाही.

रॅक भोसरीहून आले. भोकाभोकांचे अँगल, नटबोल्ट, वर पत्रे. तिथं नानांनी दुकानदाराला गेज समजावून सांगितलं म्हणे. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. 14 गेज साधारण दोन मिलिमीटर, 20 गेज एकालाही कमी. नानींना हे पटलं नाही. "आकडा मोठा आन् माल हलका? ह्यांच्या पगारासारखंच की." त्यांचं म्हणणं साधं होतं: टोमॅटोचे कॅरेट एकावर एक पालथे घाला, फुकटात रॅक. घरात कॅरेट चाळीस होते. त्यातल्या निम्म्यांवर दुसऱ्यांची नावं होती, कारण नारायणगावच्या बाजारातून आपले कॅरेट आपल्याच घरी परत आलेत, असं अजून कुणाचं झालेलं नाही.

रॅक लागले, मग जपानी लोक आले. म्हणजे सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके; कंपनीत भिंतीवर असायचे ते पाच. पहिला नियम: नको ते काढून टाका. नानांनी सबंध घरभर लाल चिठ्ठ्या डकवल्या. जळकी मोटार, फूटव्हॉल्व, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, दोन पितळी घंघाळी, बैलांच्या झुली. संध्याकाळपर्यंत नानींनी सगळ्या चिठ्ठ्या सोडवून एकाच वस्तूवर लावल्या, नानांच्या खुर्चीवर. शेतकऱ्याच्या घरात 'नको' अशी वस्तू नसतेच, 'लागंल कवातरी' अशी असते. जपान तिथंच थांबला. सगळं रॅकवर चढलं. फक्त आता त्याला नंबर होते.

पण नानांचं खरं काम भिंतीवर दिसतं. हत्यारं खिळ्यांना टांगलेली आणि प्रत्येक हत्याराच्या कडेनं पिवळी बाह्यरेषा. करवत काढली की भिंतीवर करवतीची सावली उरते. कंपनीत यामुळं वस्तू कुठली गेली ते कळतं. गावात कुणाकडं गेली ते कळायला लागलं. पूर्वी पहार वर्षभर वस्तीवस्तीनं फिरायची आणि कुणाचं काही बिघडत नसे. आता रिकामी पहार भिंतीवर, खाली खडूनं नाव आणि तारीख. लोक दूध घालून येताना मुद्दाम गॅरेजवरून यायला लागले. अमक्याच्या नावावर घमेलं तीन आठवडे आहे, हे त्याच्या होणाऱ्या व्याह्याच्या कानावर गेलं म्हणतात.

मीही गेलो एकदा. मोटार काढायची होती, पाईप पाना हवा होता. आमच्याकडं एक अठरा इंची होता, तो तीन-चार वर्षांपूर्वी कुठं गेला ते कळलंच नाही. पट्ट्याच्या अलीकडं उभा राहिलो. नानांनी चष्मा लावला, वही काढली, "काम काय? किती दिवस?" विचारून सही घेतली आणि पाना दिला. खाली खडूनं माझं नाव: सोमवार.

घरी आईनं पाना हातात घेतला, पदरानं ग्रीस पुसलं आणि दांड्यावर बोट ठेवलं. छिन्नीनं कोरलेलं अक्षर होतं. आज्याचं.

रविवारभर आमच्या घरात याच विषयावर बैठक झाली. ठेवून घ्यावा तर भिंतीवर नाव माझं, आणि गावाला वाचता येतं. आई म्हणाली, "सांग की त्यांना, आपला हाय म्हणून." सांगणार कुणाला? भिंतीवर त्याची रेघ आहे, वहीत नंबर आहे. आमच्याकडं नुसतं एक अक्षर.

सोमवारी नेऊन दिला. नानांनी तो उजेडात उलटासुलटा पाहिला, रेघेत बरोबर टांगला, खडू पुसला आणि वहीत टिक मारली.

"वेळेत आणलास," ते म्हणाले. "न्हाईतर लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची कदर नसती बघ."