ज्याचा त्याचा आकडा

मागच्या महिन्यात विक्री किती झाली, या प्रश्नाला ज्या कंपनीत एकच उत्तर मिळतं ती कंपनी अजून लहान आहे, असं खुशाल समजावं. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, वही एक आणि आकडाही एक. कंपनी वाढते, विभाग पडतात, विभागप्रमुखांना काचेच्या केबिन मिळतात. केबिन दिली आणि आकडा मात्र सामाईक ठेवला, तर त्या माणसाने तिथे बसून करायचं काय? ही अडचण ओळखून संगणकशास्त्राने डेटा मार्ट दिला. त्याचं म्हणावं तसं कौतुक आपल्याकडे झालेलं नाही.

तांत्रिक भाग थोडक्यात उरकतो. बिलिंग, गोदाम, खरेदी, पगार अशा सगळ्या सिस्टिममधली माहिती काढायची, साफ करायची, एका मापात बसवायची आणि जुन्या इतिहासासकट एका जागी ठेवायची, हे झालं डेटा वेअरहाउस. त्यातला एका विभागाला लागेल तेवढाच भाग सुटसुटीत मांडून दिला, की तो डेटा मार्ट. मधोमध व्यवहारांचा तक्ता, म्हणजे किती नग, किती रुपये. भोवती तारीख, माल, ग्राहक, शाखा यांचे तक्ते. या मांडणीला स्टार स्कीमा म्हणतात. विक्रीवाल्याला विक्रीचं उत्तर चटकन मिळतं, अख्खं कोठार उपसावं लागत नाही. इथवर सगळं शहाणपणाचं आहे, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

वेअरहाउसवरचं बिल इनमन यांचं पुस्तक १९९२ साली आलं, रॅल्फ किंबॉल यांचं १९९६ साली. इनमन म्हणतात, आधी सगळ्या कंपनीचं मिळून एक वेअरहाउस उभं करा, मग त्यातून मार्ट काढा. किंबॉल म्हणतात, एकेका मार्टपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण ग्राहक, माल आणि तारीख यांचे तक्ते सगळ्या मार्टना सामाईक ठेवा. दोघांच्या शिष्यांमध्ये यावरून वर्षानुवर्षं जुंपली. कंपन्यांनी मात्र दोन्ही गुरूंचा मान राखला. इनमनकडून 'वेअरहाउसला वेळ लागतो' एवढं घेतलं, किंबॉलकडून 'मार्टपासून सुरुवात करा' एवढं. सामाईक तक्त्यांचं काम फेज टूमध्ये टाकलं. फेज टू कशाला म्हणतात हे ज्यांनी कचेरीत दोन-चार वर्षं काढली आहेत त्यांना सांगायला नको.

असा जो वेअरहाउसला न विचारता थेट सिस्टिममधून माहिती उचलतो, तो स्वतंत्र डेटा मार्ट. त्याची खरी थोरवी मार्चएंडला कळते.

समजा, एका डीलरची ऑर्डर २९ मार्चला लागली. डीलरला माल नको होता, पण एरिया मॅनेजरने 'एवढं वर्ष सांभाळून घ्या' म्हणून त्याच्या गळ्यात मारला. गाडी ३१ तारखेला रात्री गेटबाहेर पडली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निम्मा माल परत आला आणि क्रेडिट नोट निघाली. आता विक्री विभागाचा मार्ट ऑर्डर मोजतो, त्यामुळे त्याच्या लेखी मार्च झकास. डिस्पॅचचा मार्ट गेटबाहेर गेलेले नग मोजतो, त्याच्या लेखीही मार्च बरा. परत आलेला माल त्याने एप्रिलच्या आवकीत घेतला. लेखा विभागाचा मार्ट बिलातून क्रेडिट नोट वजा करतो, तीही जीएसटी बाजूला काढून, म्हणून एप्रिल मार खातो. विक्रीच्या मार्टमध्ये परत आलेल्या मालाला रकानाच नाही. ज्यांना ही त्रुटी वाटते त्यांनी विक्रीत कधी नोकरी केलेली नसावी. निरोगी मनाला काय लक्षात ठेवायचं नाही हेही कळावं लागतं.

बरं, यात खोटं कोणीच बोलत नाही. तीनही आकडे पाई-पैशाने बरोबर आहेत. एकच गाडी तीन माणसांना तीन निरनिराळी समाधानं देऊन गेली. सामाईक वेअरहाउस असतं, तर 'विक्री म्हणजे नेमकं काय' हे तिघांना एका टेबलाशी बसून ठरवावं लागलं असतं. त्यातून आलेला कडवटपणा दिवाळीच्या मिठाईनेही गेला नसता.

इतिहासाचीही अशीच सोय होते. सांगली आधी कोल्हापूर शाखेकडे होती, सप्टेंबरपासून पुणे शाखेला जोडली. एका मार्टमध्ये जुनी नोंद खोडून त्यावर 'पुणे' लिहिलं, त्यामुळे सांगलीची मागच्या पाच वर्षांची विक्रीही एका रात्रीत पुण्याची झाली. दुसऱ्या मार्टमध्ये जुनी ओळ तशीच ठेवून तारखेसकट नवी ओळ घातली, तिथे जुनी विक्री कोल्हापूरकडेच राहिली. दोन्ही पद्धती पुस्तकात दिलेल्या आहेत, दोन्हींना नावं आहेत. आता दोन्ही शाखाप्रमुख आपापल्या स्लाइडवर सांगलीची वाढ दाखवतात आणि टाळ्या दोघांनाही पडतात. त्यात एकच डीलर एका मार्टमध्ये 'मे.' लावून, दुसऱ्यात 'मे.' न लावता आणि तिसऱ्यात 'अँड सन्स'सकट नोंदलेला असतो. नवा ग्राहक जोडायला केवढा खर्च येतो, हे पाहता ग्राहकसंख्येतली ही वाढ फुकटच म्हणायची.

अशा मार्टचं बालपण बहुधा एक्सेलमध्ये जातं आणि पुष्कळदा म्हातारपणही तिथेच जातं. एक्सेलला नावं ठेवणारे फार. पण त्याचा संयम कोणी पाहत नाही. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढची एकही ओळ ती घेत नाही. २०२० साली पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये प्रयोगशाळांचे अहवाल अशा फाइलींतून पुढे जात होते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ करोनाबाधित रोजच्या आकड्यात आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. तक्ता मात्र तेवढे दिवस अतिशय नीटनेटका दिसत होता.

आता रोजगाराकडे वळू. आकडे टॅली झाले असते तर सोमवारची रिव्ह्यू मीटिंग वीस मिनिटांत आटोपली असती. ती दुपारच्या जेवणापर्यंत चालते. 'तुमचा आकडा कुठून आला?' एवढ्या एका प्रश्नावर मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर आणि दोन ट्रेनी पोसले जातात. शिवाय एमआयएसमध्ये एक माणूस असतो. कुठल्या मार्टमधला कुठला कोड दुसरीकडे कुठल्या कोडला लावायचा, ते त्याच्या एकट्याच्या लॅपटॉपवरच्या शीटमध्ये असतं. तो गणपतीला कोकणात गेला, की कंपनीच्या नफ्याचा प्रश्न गौरीविसर्जनापर्यंत तहकूब राहतो. डायरेक्टरला नसेल एवढी किंमत त्याला आहे. पगार मात्र तेवढा नाही, कारण त्याच्या कामाची नोंद कुठल्याच मार्टमध्ये होत नाही.

हे सगळं मोडून एकच वेअरहाउस करा, असं म्हणणारा एखादा उत्साही तरुण दर दोन वर्षांनी आयटीत येतो. व्यवस्थापन त्याचं मनापासून ऐकून घेतं, चहा पाजतं, बजेट पुढच्या वर्षावर टाकतं. व्यवस्थापनाला काही कळत नाही, असा समज करून घेऊ नये. त्याला तीनही मार्ट लागतात. पुढच्या वर्षाचं टार्गेट ते विक्रीच्या आकड्यावर ठरवतं आणि इन्सेंटिव्ह वाटताना लेखा विभागाचा आकडा धरतं.