ओटीपी मागणाऱ्या भाऊस

मु. पो. ठाऊक नाही

प्रिय भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र उघडंच लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला एक लहानसा कृषी केंद्रवाला. बियाणं, खत, फवारणीचं औषध आणि उधारीची वही, एवढाच पसारा. लहान धंद्यांच्या सायबर सुरक्षेसाठी सरकार काय करतं, असा विषय परवा आम्हा व्यापाऱ्यांच्या बैठकीत निघाला. दोघं-तिघं बोलले, बाकीचे चहाची वाट पाहत होते. मी मात्र मनात हिशोब करत बसलो. या कामी आजवर थेट दुकानापर्यंत पोहोचलेला माणूस एकच निघाला, तो म्हणजे तू.

तुझी सेवा नाकारून कसं चालेल? ऐन गर्दीत फोन करतोस, 'दादा' म्हणतोस, उचलला नाही तर पुन्हा करतोस. झेरॉक्स मागत नाहीस, 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणत नाहीस. आमचं पंचांग तर तुला तोंडपाठ. लग्नसराईत पत्रिकेच्या नावाची बनावट एपीके फाइल, हप्त्याच्या दिवसांत पीएम किसानची, एरवी वाहनाच्या चलानाची.

सरकारची रीत वेगळी. ते आम्हाला आधी ऑनलाइन बसवतं आणि मग म्हणतं, सांभाळून बसा. खताची पिशवी विकायची तर पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा. बियाण्याला साथी पोर्टल. शिवाय जीएसटी, ई-वे बिल, उद्यम नोंदणी. २०२५ च्या हंगामात सीसीआयनं, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळानं, कापूस खरेदीसाठी 'कपास किसान' अ‍ॅप काढलं, तेव्हा कितीतरी गिऱ्हाइकांची नोंदणी माझ्याच काउंटरवर झाली. आमच्या लाइनीत कोणत्याही दुकानात डोकाव: सगळे पासवर्ड एका चिठ्ठीवर, चिठ्ठी कॅल्क्युलेटरला चिकटवलेली, आणि ओटीपी येतात पुतण्याच्या मोबाइलवर. तो पुतण्या दिवसभर रील पाहतो. पण हे तुला मी काय सांगू!

मदत नाहीच असं नाही बाप्पा. दिल्लीच्या सर्ट-इननं, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सप्टेंबर २०२५ मध्ये लघुउद्योगांसाठी पंधरा मूलभूत नियंत्रणं जाहीर केली. कागद चांगला आहे, खोटं काहून बोलू? बॅकअप घ्या, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, वर्षातून एकदा त्यांच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी करा. तो ऑडिटर झरी-जामणीला कोणत्या एसटीनं उतरणार आणि त्याची फी युरियाच्या किती पोत्यांच्या कमिशनातून निघणार, हे तेवढं आमचं आम्ही पाहायचं. त्याआधी एप्रिल २०२२ चा आदेश आहे: हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. आमच्याकडे लाइन गेली की ती कधी येते हे पाहण्यातच सहा तास जातात. सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून व्हायरस काढायची साधनं फुकट देतं. हे आमच्या चौकात कुणाला माहीत नाही. तुला असेल.

शिवाय हेल्पलाइन. केंद्राची १९३०, राज्याची १९४५. आमच्या जिल्ह्यात १९३० म्हटलं की जंगल सत्याग्रह. त्या जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला होता. आता खात्यातून पैसे चाललेले असताना घाबरलेल्या माणसानं सन कोणतं लावायचं, हा इतिहासाचा पेपर सोडवायचा. पण १९३० लागला आणि लवकर लागला, तर पैसे वाटेत अडवता येतात. तुझ्या धंद्याला खरी झळ बसते ती इथंच, हे कबूल कर.

तुझा फोन न उचलणाऱ्यालाही तू सोडत नाहीस, त्याची मला फार गंमत वाटते. कुठल्याशा गिऱ्हाइकानं तुझ्या कमाईतले पाचशे रुपये माझ्या क्यूआर कोडवर टाकून औषधाची बाटली नेली, की परराज्यातल्या ठाण्याचं पत्र येतं आणि खातं माझं गोठतं. तुझं खातं तोवर रिकामं झालेलं असतं. जागेवर सापडतो तो दुकानदार. पेरणी तोंडावर, कंपनीचा ट्रक दारात आणि बँकेत 'वरून आदेश आहे'. संशयित रकमेपुरतंच गोठवा, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं होतं. केरळ इथून लांब पडतं.

आणि आमच्या आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी! जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात त्या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवर २७ हजारांवर जन्मनोंदी झाल्या. एवढे पाळणे हलले आणि गावातल्या आशाताईला पत्ता नाही! हे तुझ्या भाऊबंदांचं काम की आणखी कुणाचं, ते विशेष तपास पथक पाहील. मला एवढंच दिसतं की सरकारचं स्वतःचं कुलूप असं निघालं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सांभाळण्यात चुकणाऱ्यांसाठी दंडाची मर्यादा आहे अडीचशे कोटी. आमच्या रजिस्टरातही शेतकऱ्यांचे आधार नंबर असतात. रात्री झोप येते, पण कुशी बदलत.

एक सल्ला देतो: इंग्लंडात जाऊ नकोस. तिथं २०१४ पासून 'सायबर इसेन्शियल्स' नावाचं प्रमाणपत्र आहे आणि ते घेणाऱ्या छोट्या धंद्याला सोबत २५ हजार पौंडांचा विमा मिळतो. ऑस्ट्रेलियात दुकानातल्याच एका माणसाला फुकट शिकवून 'सायबर वॉर्डन' करतात. अशा ठिकाणी तुझी पोटापाण्याची पंचाईत. इकडेच बरा आहेस.

अर्थात इकडेही भरवसा धरू नकोस. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला, तेव्हा नुसत्या परिपत्रकानं अळी मेली नाही. कामगंध सापळे वाटावे लागले, माणसं बांधापर्यंत गेली, आणि एकानं फवारून शेजाऱ्यानं सोडलं तर उपयोग नाही हे पटवावं लागलं. तालुक्याला तसा एखादा माणूस सायबरसाठी नेमला, त्यानं दुकानात बसून पुतण्याचा मोबाइल तपासला, बॅकअप घेऊन दाखवला, तर तुझं कठीण आहे. तशी पदभरती निघाल्याचं अजून ऐकिवात नाही. निघालीच, तर अर्ज ऑनलाइन असेल आणि त्याची बनावट वेबसाइट तू आदल्या रात्री तयार ठेवशील.

कळावे, लोभ असू द्यावा, ही विनंती नाही.

आपला,
एक कृषी केंद्रवाला

ता. क. तक्रारीच्या अर्जात संशयिताच्या तपशिलाचा रकाना असतो. नाव, पत्ता आणि एक ओळखपत्र पाठवलंस तर काम सोपं होईल. आधारची झेरॉक्स चालेल, ओटीपी मागणार नाही.